उपयोजित नीतिशास्त्रातील विद्यार्थी निबंध स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठ पातळीवरील निबंध स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शंकांना येथे उत्तरे दिली आहेत. पात्रता, मुदत आणि पारितोषिके यांचे नियम स्पर्धेगणिक बदलतात, त्यामुळे त्या बाबतीत आयोजकांची नियमावलीच अंतिम मानावी. येथे भर आहे तो कोणत्याही स्पर्धेत कामी येणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे प्रश्न कसा निवडावा, युक्तिवाद कसा उभारावा आणि आक्षेपांना कसे सामोरे जावे यांवर.

उपयोजित नीतिशास्त्रावरील निबंधात नेमके काय लिहायचे असते?

कोणाला तरी प्रत्यक्षात घ्यावा लागणारा एखादा निर्णय, एखादा कायदा, धोरण किंवा एखाद्या व्यवसायातील रूढ पद्धत घेऊन ‘असे करणे योग्य आहे का?’ या प्रश्नाचे सकारण उत्तर द्यायचे असते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील सिॲटल येथे डायलिसिसची यंत्रे अपुरी होती आणि कोणत्या रुग्णाला उपचार मिळावेत हे ठरवण्यासाठी नागरिकांची एक समिती नेमण्यात आली होती. त्या समितीने रुग्णांचे उत्पन्न, वैवाहिक स्थिती, चर्चमधील सहभाग अशा बाबी विचारात घेतल्या आणि त्यावर पुढे कडाडून टीका झाली. समितीने काय केले याचे वर्णन हा इतिहास झाला. तिने कोणते निकष वापरायला हवे होते आणि का, याचे समर्थन हे उपयोजित नीतिशास्त्र होय. परिस्थितीचे उत्तम वर्णन करणारे, परंतु कोणतीही भूमिका न घेणारे निबंध मागे पडतात ते याच कारणामुळे.

नैतिक विधाने मुळात सत्य किंवा असत्य असू शकतात का, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो वेगळ्या शाखेचा आहे. निबंधातील युक्तिवादासाठी आवश्यक असेल तेवढाच त्याला स्पर्श करावा.

माझा विषय तत्त्वज्ञान नाही. मी भाग घ्यावा का?

नियम परवानगी देत असतील तर अवश्य घ्यावा. वैद्यक, कायदा, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या क्षेत्रातले असे पेच ठाऊक असतात, जे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. नमुन्यांच्या पेढीत जमा झालेल्या ऊती पुढे कोणत्या संशोधनासाठी वापरता येतील, किंवा सॉफ्टवेअरमधील सुरक्षेची त्रुटी सापडल्यावर ती जाहीर करण्याआधी कंपनीला किती अवधी द्यावा, हे प्रश्न क्षेत्रातल्या माणसालाच चांगले मांडता येतात. फक्त एक पथ्य पाळावे लागते. आपल्या क्षेत्राची माहिती देण्यात अर्धा निबंध खर्ची पडू नये, कारण परीक्षक माहितीसाठी नव्हे तर युक्तिवादासाठी वाचत असतो.

अर्धवेळ किंवा दूरस्थ शिक्षण घेणारे विद्यार्थी पात्र असतात का? दोघांनी मिळून लिहिलेला निबंध चालतो का?

अनेक स्पर्धांमध्ये पदवी आणि पदव्युत्तर असे दोन गट असतात आणि अंतिम मुदतीच्या दिवशी तुम्ही विद्यापीठाचे नोंदणीकृत विद्यार्थी असणे ही मुख्य अट असते. अर्धवेळ विद्यार्थी, प्रबंध सादर करून मौखिक परीक्षेची वाट पाहणारे संशोधक आणि देवाणघेवाण योजनेतून आलेले पाहुणे विद्यार्थी यांनी गृहीत न धरता आयोजकांना आधी लेखी विचारावे. सहलेखनाचेही तसेच. नियमावलीत उल्लेख नसेल तर ते चालते असे समजू नये.

विषय कसा निवडावा?

बहुतेक स्पर्धांमध्ये विषयाचे स्वातंत्र्य असते आणि बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात. विद्यार्थी ‘विषय’ निवडतात. निवडायला हवा असतो ‘प्रश्न’. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नैतिकता’ हा विषय आहे आणि त्यावर दोन हजार शब्दांत सांगण्याजोगे असे काही उरत नाही, कारण जे सांगावे ते अपुरेच ठरते. तोच विषय नेमका करत गेल्यावर काय होते ते पाहू.

मृत व्यक्तीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तिचा आवाज पुन्हा निर्माण करणे आता तंत्रज्ञानाला शक्य आहे. ‘हे योग्य आहे का?’ हा प्रश्न अजूनही फार मोठा आहे, कारण जाहिरातीसाठी केलेला वापर, चित्रपटासाठी केलेला वापर आणि शोकात बुडालेल्या मुलीने आईचा आवाज ऐकण्यासाठी केलेला वापर यांना एकच उत्तर लागू होणार नाही. म्हणून आणखी एक पाऊल पुढे जावे: ‘आईने हयातीत परवानगी दिलेली नाही आणि मनाईही केलेली नाही, अशा वेळी मुलीने केवळ स्वतःच्या सांत्वनासाठी, खासगीत, तिचा आवाज निर्माण करून घेणे गैर आहे का?’ आता प्रश्नाला कडा आल्या. कोण, काय, कशासाठी आणि कोणाच्या संमतीशिवाय, हे सगळे ठरले. अशा प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणता येते, आणि जे उत्तर द्याल त्याला विरोध करणारा विचारी माणूसही सापडतो. ही दुसरी कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या निष्कर्षाशी कोणताही समंजस वाचक असहमत होणार नाही, तो सिद्ध करण्यात शब्द घालवू नयेत.

दयामरण, गर्भपात, अवयवदान अशा पुष्कळ लिहिल्या गेलेल्या विषयांवर लिहावे का?

लिहायला हरकत नाही, मात्र त्या चर्चेत नेमके कोणत्या ठिकाणी तुम्ही भर घालत आहात हे ठाऊक असले पाहिजे. अवयवदानाचेच उदाहरण घ्या. वेल्सने २०१५ मध्ये आणि इंग्लंडने २०२० मध्ये अशी व्यवस्था स्वीकारली की प्रौढ व्यक्तीने हयातीत नकार नोंदवला नसेल तर तिची मरणोत्तर अवयवदानाला संमती आहे असे मानले जाते. ही व्यवस्था बरी की स्पष्ट संमतीची, यावर इतके लिहिले गेले आहे की नवे काही सांगणे कठीण आहे. परंतु अशा व्यवस्थेतही व्यवहारात कुटुंबीयांना विचारले जाते आणि त्यांचा ठाम विरोध असेल तर अवयव सहसा घेतले जात नाहीत. मृत व्यक्तीने स्वतःहून दान नोंदवले असतानाही कुटुंबाचा शब्द वरचढ ठरावा का, आणि ठरावा असे म्हणायचे तर त्याचे कारण कुटुंबाचा हक्क आहे की शोकाकुल माणसांवर जबरदस्ती न करण्याचे डॉक्टरांचे कर्तव्य, हा त्याच विषयातला कमी मळलेला प्रश्न आहे.

निबंधाची रचना कशी असावी?

पहिल्या परिच्छेदाच्या अखेरीस वाचकाला तुमचा निष्कर्ष कळलेला असावा. रहस्यकथेप्रमाणे तो शेवटपर्यंत राखून ठेवू नये. त्यानंतर ज्या आधारविधानांवर निष्कर्ष उभा आहे ती स्पष्ट सांगावीत आणि त्यांतले जे सर्वांत वादग्रस्त असेल त्यावर सर्वाधिक जागा खर्च करावी. प्रत्येक आधारविधानाला सारखीच जागा देण्याचा मोह होतो, पण सर्वमान्य गोष्ट एका वाक्यात सांगून पुढे जाणे हेच वाचकाच्या वेळेची कदर करणे आहे.

लेखन सुरू करण्यापूर्वी संपूर्ण युक्तिवाद चार-पाच वाक्यांत उतरवून पाहावा. ‘अ खरे आहे, ब खरे आहे, म्हणून क’ असा सांगाडा मांडता येत नसेल, तर अडचण भाषेत नसून विचारात आहे आणि ती भाषेने झाकली जाणार नाही. सांगाडा मांडल्यावर पुष्कळदा असे दिसते की जे सिद्ध करायचे तेच एखाद्या आधारविधानात वेगळ्या शब्दांत आधीच गृहीत धरलेले आहे. ‘हे शोषण आहे, म्हणून ते गैर आहे’ असे लिहिताना ‘शोषण’ या शब्दात ‘गैर’ हा अर्थ आधीच भरलेला असतो. तो व्यवहार शोषण का ठरतो, हे दाखवणे हेच खरे काम.

आक्षेपांची दखल किती आणि कशी घ्यावी?

या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर देणे भाग आहे, कारण चांगला निबंध आणि उत्कृष्ट निबंध यांतला फरक बहुधा येथेच पडतो.

आपल्याकडील शास्त्रचर्चेची परंपरा अशी की सिद्धांत मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की प्रतिपक्षाने वाचून ‘माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे. निबंधाला हीच शिस्त लागते. प्रतिपक्षाचा दुबळा पुतळा उभा करून तो पाडण्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय परीक्षकांना सबळ आक्षेप माहीत असतात आणि तो टाळला गेल्याचे त्यांच्या लगेच लक्षात येते.

वरच्या उदाहरणात तुमची भूमिका अशी आहे असे समजू, की मुलीने आईचा आवाज निर्माण करून घेणे गैर आहे, कारण त्यामुळे आईवर अन्याय होतो. सर्वांत सबळ आक्षेप फार प्राचीन आहे आणि तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या विचारातून येतो: आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो. जी व्यक्ती अस्तित्वातच नाही तिच्यावर अन्याय होईल कसा? येथे घाईने उत्तर द्यायचे तर असे देता येते की आपण मृत्युपत्र पाळतो, अर्थात मृतांच्या इच्छांना आपण मान देतोच. परंतु आक्षेप घेणारा तेवढ्याने गप्प बसणार नाही. तो म्हणेल की मृत्युपत्रे पाळण्यामागे जिवंत माणसांचेच हित आहे, कारण आपल्या पश्चात आपला शब्द पाळला जाईल हा भरवसा प्रत्येकाला हयातीत हवा असतो.

आता तीन वाटा उरतात. मृत्यूनंतरच्या घटनांनीही माणसाच्या हिताला बाधा पोहोचू शकते, असे स्वतंत्र कारण देऊन दाखवता येईल. जिवंतपणी ज्या गोष्टींची त्याने पर्वा केली त्या गोष्टींची हानी ही त्याचीच हानी आहे, असे म्हणणारे तत्त्वज्ञ आहेत. किंवा आक्षेप मान्य करून भूमिकेचा आधार बदलता येईल, आणि अन्याय आईवर होत नसून आपल्या आवाजाचे पुढे काय होईल या चिंतेत आता जगणाऱ्या सर्वांवर होतो, असे म्हणता येईल. किंवा दावाच आटोपशीर करता येईल: हे कृत्य अन्यायकारक नसेल, तरी आईशी असलेल्या नात्याला न शोभणारे आहे. या तिन्ही वाटा प्रामाणिक आहेत. आक्षेपातील तथ्य मान्य करून भूमिका आवरती घेणे ही माघार नव्हे. निबंधातला तो बहुधा सर्वांत मोलाचा क्षण असतो. एकच सबळ आक्षेप घेऊन त्याच्याशी असे दोन-तीन फेऱ्यांपर्यंत झुंजणे हे पाच आक्षेपांना प्रत्येकी एका वाक्यात वाटेला लावण्यापेक्षा नेहमीच सरस ठरते.

उपयुक्ततावाद, कर्तव्यवाद अशा सिद्धांतांचा उल्लेख आवश्यक आहे का?

नाही. कृतीची योग्यता उपयुक्ततावाद तिच्या परिणामांवरून ठरवतो, जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांचा कर्तव्यवाद कर्तव्याच्या नियमांवरून, तर सद्गुणवाद सद्गुणी माणूस कसा वागेल यावरून. ‘उपयुक्ततावादानुसार हे योग्य, कान्टच्या मते अयोग्य, सद्गुणवादानुसार परिस्थितीवर अवलंबून’ अशी हजेरी घेणारा निबंध शेवटी कोठेच पोहोचत नाही, कारण तिन्ही उत्तरे भिन्न आली तर कोणते स्वीकारायचे हे त्यात सांगितलेले नसते. वैद्यकीय नीतिशास्त्रातील स्वायत्तता, हितसाधन, अहित टाळणे आणि न्याय या चार तत्त्वांचेही हेच होते. १९७९ पासून ही मांडणी सर्वत्र शिकवली जाते आणि ती उपयुक्त आहे. पण रुग्णाची स्वायत्तता आणि त्याचे हित यांत विरोध आला की कोणाला झुकते माप द्यायचे, हे तत्त्वांची यादी सांगत नाही. ते निबंधकारालाच ठरवावे लागते. एखाद्या सिद्धांतातील विशिष्ट कल्पना तुमच्या युक्तिवादात खरोखर काम करत असेल तर ती जरूर घ्यावी.

विचारप्रयोग वापरावेत का?

प्रत्यक्ष प्रकरणात अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांतली एक वेगळी काढून पाहण्यासाठी विचारप्रयोग असतो. अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ मध्ये गर्भपातावर लिहिताना अशी कल्पना केली की तुम्ही झोपेतून जागे होता तेव्हा एका ख्यातनाम व्हायोलिनवादकाचे रक्ताभिसरण तुमच्या शरीराशी जोडलेले आहे आणि त्याला जगवण्यासाठी तुम्हाला नऊ महिने तसेच राहावे लागणार आहे. जगण्याचा हक्क असणे म्हणजे दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा हक्क असणे नव्हे, एवढा एकच मुद्दा त्यांना वेगळा काढायचा होता आणि तो त्यांनी काढला. तुमच्या काल्पनिक प्रसंगाचेही असेच एकच नेमके काम असावे. मूळ प्रकरण आणि काल्पनिक प्रसंग यांत कोणता फरक आहे आणि तो महत्त्वाचा का नाही, हे सांगणे तुमच्यावर बंधनकारक आहे. वाचक तो फरक शोधणारच.

आकडेवारी आणि संशोधनाचे निष्कर्ष किती द्यावेत?

युक्तिवाद ज्या तथ्यांवर उभा आहे ती अचूक आणि आधारासह द्यावीत, बाकीची गाळावीत. काय ‘आहे’ यावरून काय ‘असावे’ हे आपोआप निघत नाही, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकात दाखवून दिले. ‘बहुसंख्य लोकांना हे मान्य आहे’ हे सर्वेक्षणातून कळेल, पण ते मान्य असणे योग्य आहे का हे कळण्यासाठी मधले एक मूल्यविधान तुम्हालाच पुरवावे लागेल. तथ्याविषयी तज्ज्ञांत मतभेद असतील तर तसे नमूद करून ‘हे खरे असल्यास’ अशी अट घालून पुढे जावे. अशी अट घातल्याने निबंध कमकुवत होत नाही.

माझे उत्तर धार्मिक श्रद्धेतून येते. तसे लिहिले तर चालेल का?

श्रद्धा ही तुमची प्रेरणा असू शकते आणि ती लपवण्याचे कारण नाही. परंतु निबंधातील कारणे ती श्रद्धा नसलेल्या वाचकालाही तोलून पाहता आली पाहिजेत. धर्मपरंपरांमध्ये मानवी प्रतिष्ठा, करुणा, सत्य आणि संयम यांविषयी अतिशय सूक्ष्म विचार झालेला आहे आणि तो ‘अमुक ग्रंथात सांगितले आहे’ एवढ्यावर न थांबता कारणांच्या रूपात मांडता येतो.

शब्दमर्यादा ओलांडली तर?

ओलांडू नये. उपयोजित नीतिशास्त्रावरील विद्यार्थी निबंधांना दिल्या जाणाऱ्या, ऑक्सफर्ड विद्यापीठातील उएहिरो पारितोषिकासाठी २,००० शब्दांची मर्यादा ठेवण्यात आली आहे आणि इतर स्पर्धांच्याही अशाच ठरावीक मर्यादा असतात. तळटीपा आणि संदर्भसूची तीत धरली जाते का, हे नियमावलीत पाहावे. शब्द कमी करायचे असतील तर सर्वांत आधी विषयाची पार्श्वभूमी सांगणारा परिच्छेद कापावा. आक्षेपाच्या उत्तराला हात लावू नये.

संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यावेत?

आयोजकांनी पद्धत सांगितली असेल तर ती, नसल्यास कोणतीही एक प्रचलित पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत मांडली तरी तिचे श्रेय द्यावे लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वापर करता येतो का?

याविषयीचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलतही आहेत, म्हणून चालू वर्षाची नियमावली वाचावी आणि वापर केला असल्यास विचारल्याप्रमाणे तो उघड करावा. नियमांपलीकडचे माझे मत असे की शुद्धलेखन तपासणे आणि युक्तिवाद लिहवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निबंधाखाली नाव घालणे म्हणजे ‘मी हा विचार केला आहे आणि मी याला बांधील आहे’ असे म्हणणे आहे. जो विचार तुम्ही केलाच नाही त्याखाली सही करणे ही फसवणूक आहे, आणि नीतिशास्त्राच्या स्पर्धेत ती अधिकच गंभीर ठरते. या साधनांनी दिलेले संदर्भ कधी कधी अस्तित्वातच नसतात, त्यामुळे न वाचलेला संदर्भ कधीही देऊ नये.

प्राध्यापकांना मसुदा दाखवता येतो का? वर्गासाठी लिहिलेला निबंध पाठवता येतो का?

सर्वसाधारण अभिप्राय घेण्यास बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते, मात्र जे प्राध्यापक परीक्षक मंडळात असण्याची शक्यता आहे त्यांना मसुदा दाखवू नये. आपल्या मताशी असहमत असणाऱ्या मित्राला वाचायला देणे याहून अधिक उपयोगी पडते. वर्गासाठी लिहिलेल्या निबंधाविषयी आयोजकांना आणि विभागाला दोघांनाही विचारावे. परवानगी असली तरी तो निबंध जसाच्या तसा पाठवू नये, कारण तो एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर म्हणून आणि अभ्यासक्रम ठाऊक असलेल्या वाचकासाठी लिहिलेला असतो.

निबंधावर नाव घालावे का?

मूल्यमापन निनावी असेल तर नाव, महाविद्यालय आणि ओळख पटेल असा कोणताही उल्लेख निबंधात येऊ देऊ नये. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव आपोआप साठवलेले असते, तेही काढावे.

अंतिम फेरीत काय अपेक्षित असते?

काही स्पर्धांमध्ये, उएहिरो पारितोषिकासह, निवडक निबंधांचे लेखक परीक्षक आणि श्रोत्यांसमोर आपली मांडणी करतात आणि प्रश्नांना उत्तरे देतात. निबंध वाचून दाखवू नये. डोळ्यांनी वाचायचे वाक्य कानाला जड जाते. प्रश्न, निष्कर्ष, मुख्य कारण आणि एक आक्षेप एवढेच बोलावे आणि उरलेले प्रश्नोत्तरांसाठी ठेवावे. प्रश्न कळला नसेल तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करावी, उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबावे आणि न सुचलेला आक्षेप समोर आला तर तो खरोखर अडचणीचा आहे हे मान्य करून उत्तराची दिशा काय असू शकेल ते तेथेच मोठ्याने विचार करत सांगावे. परीक्षक पाठांतर तपासत नसतात. दबावाखालीही विचार करता येतो का, हे पाहत असतात.

निवड झाली नाही तर अभिप्राय मिळतो का, आणि त्या निबंधाचे पुढे काय करावे?

प्रवेशिका पुष्कळ असतात, म्हणून वैयक्तिक अभिप्राय बहुधा मिळत नाही. जाहीर झालेले विजेते निबंध मिळवून वाचावेत आणि त्यांत आक्षेप कसे हाताळले आहेत ते आपल्या निबंधाशेजारी ठेवून पाहावे. पुढील वर्षी तोच प्रश्न पुन्हा घेण्यास नियमांची आडकाठी नसेल तर तो घ्यावा. वर्षभरात तुमचे उत्तर बदलले असेल तर नव्या उत्तराच्या बाजूने लिहावे आणि जुन्या निबंधातला युक्तिवाद पूर्वपक्ष म्हणून वापरावा.